दत्तक शाळा: झेडपीच्या शाळेला कारखानदारांचा पैसा घ्यावा का?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)
सप्टेंबर 2023 च्या दत्तक शाळा योजनेवर मतं हवी आहेत. योजना थोडक्यात अशी: ग्रामीण भागातली, नगरपालिकेची किंवा ड वर्ग महापालिकेची (म्हणजे आपली सोलापूरचीही) शाळा 5 वर्षांसाठी 50 लाख, 10 वर्षांसाठी 1 कोटीला दत्तक घेता येते. रोख चालत नाही, वस्तू आणि सेवा द्यायच्या. दात्याचं नाव शाळेच्या नावाला जोडता येतं.

माझं मत, मदत घ्यावी. पण सोलापुरात 50 लाख देणार कोण? सीएसआरचे, म्हणजे नफ्यातून समाजकामावर सक्तीने खर्चायचे, 2 टक्के लागू होतात ते 5 कोटी नफा, 1000 कोटी उलाढाल किंवा 500 कोटी नक्त मूल्य असलेल्या कंपन्यांना. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरवाले बहुतेक यात बसतच नाहीत. कित्येक तर भागीदारीतले, घरचे धंदे. त्यामुळे योजनेच्या बाहेर, पाच-सहा कारखानदार आणि पालक मिळून एक शाळा, असंच इथं जमेल.

सीनेकाठ
साफ विरोध. 6 ते 14 वयाच्या मुलांना मोफत शिक्षण देणं घटनेच्या कलम 21अ प्रमाणे सरकारचं काम आहे. वर्गणीवरच शाळा चालवायची तर शिक्षण उपकर कशाला घेता? शिवाय दाता शाळा निवडणार ती हायवेला दिसणारी. करमाळ्यातल्या वस्तीवरची वीस पटाची शाळा कोण घेईल? आणि पैसा जातो कशात? रंगरंगोटी, कमान, कोनशिला, मोठा टीव्ही. दोन वर्षांनी टीव्हीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि खोलीला कुलूप.

हिशेबनीस
टीव्ही बंद पडतो हे खरं, पण का पडतो ते बघा ना मालक. बिल दात्याच्या नावावर असतं. बिघाड झाला की मुख्याध्यापक सर्व्हिस सेंटरला फोन लावतात, तिकडून विचारणा होते, खरेदीदार कोण? इथंच गाडी अडते. म्हणून बिल ‘मुख्याध्यापक’ या पदनामाने घ्यायचं, वस्तू त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही) चढवायची आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहायचं की वीजबिल, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी आणि दुरुस्ती कोण बघणार. वीजबिल थकून मीटर तुटलं की एक लाखाचा टीव्ही म्हणजे नुसती काच.

पाणी शुद्ध करायच्या आरओ मशीनचंही तेच. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) न मोजता मशीन बसवलं की मेंब्रेन, म्हणजे आतली गाळणी, लवकर चोंदतो. पाणी आधी तपासा, आणि मशीनमधून वाया जाणारं पाणी पाईपने संडासाच्या टाकीत सोडा. माझा ठोकताळा: वस्तूच्या किमतीच्या 15 टक्के दरवर्षी देखभालीला द्यायची तयारी नसेल तर ती वस्तू घेऊच नये.

पूर्वभाग
वस्तूंवर एवढी चर्चा, वाचनावर कोणीच नाही! 80 पटाच्या शाळेत प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचून घ्यायला चार-चार मिनिटं धरा, दोन माणसांना एक दिवस पुरतो. पायऱ्या ‘असर’च्याच (मुलांचं वाचन-गणित तपासणारी देशभरची पाहणी): अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मग तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता बाजूला ठेवून पायरीप्रमाणे बसवायची, रोज एक तास. दर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी आणि गट बदल. गट बदलले नाहीत तर ‘ढ’ मुलांचा कायमचा वर्ग होतो. हा प्रयोग इथंच फसतो.

आपल्याकडे आणखी एक गोम आहे. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड. मराठी माध्यमातलं पोर गोष्ट घडाघडा वाचतं, पण ‘कोल्हा का पळाला?’ विचारलं की गप्प. तोच प्रश्न तेलुगूत विचारा, लगेच उत्तर येतं. ते ‘गोष्ट’ पायरीवर धरायचं की नाही? मी धरत नाही; त्याला बोलायची मराठी आधी द्यावी लागते. कारखानदारांनी टीव्हीऐवजी गल्लीतल्याच, दोन्ही भाषा येणाऱ्या बारावी पास ताईचं मानधन द्यावं.

सीनेकाठ
म्हणजे शिक्षक नाही म्हणून ताई. अहो, आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायदा) 60 पटापर्यंत दोन शिक्षक. पाच वर्ग, दोन शिक्षक, त्यातला एक निवडणुकीच्या कामाला. ताई आली की वर्ग सांभाळला जातो, पालकांची ओरड थांबते आणि रिक्त जागा तशीच राहते. तुमची मदत सरकारच्या पथ्यावरच पडते!

पाटीपेन्सिल
मुद्दा बिनतोड आहे. म्हणून ताईला पूर्ण वर्ग द्यायचाच नाही, फक्त तो एक तास. आणि समितीच्या प्रत्येक सभेच्या इतिवृत्तात मंजूर पदं किती, भरलेली किती हे लिहून प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, पोच घेऊन. समितीत 75 टक्के पालक असतात, त्यांच्या सहीच्या कागदाला वजन असतं.

सीनेकाठ
कुठल्या समितीत? निम्म्या ठिकाणी रजिस्टर घरी पाठवून सह्या होतात. ऊसतोडीला गेलेल्या सदस्याचीसुद्धा सही सापडते.

हिशेबनीस
हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. तोडणीला जाणाऱ्या गावात सभा त्याआधी आणि गुढीपाडव्यानंतर लावा, मधल्या काळात गावात राहणारे सदस्य चालवतील. आणि मुलं आई-बापाबरोबर फडावर जात असतील तर पहिला पैसा त्यांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाच्या जेवणाला. पोरं गावातच नसतील तर पूर्वभागांचा वाचनाचा तास घेणार कुणाचा?

पूर्वभाग
मान्य. फक्त परत आलेल्या मुलाला जुन्या गटात बसवू नका, आल्या दिवशी पुन्हा वाचून घ्या. चार-पाच महिन्यांत ‘परिच्छेद’वरचं पोर ‘शब्द’वर आलेलं असू शकतं.