बी२७ पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे

तपासणीत एचएलए-बी२७ हे जनुक पॉझिटिव्ह आलं की अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस (पाठीचा कणा सुजून आखडण्याचा आजार) ठरलेलाच, असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. हे जनुक असलेल्या बहुतेकांना तो आजार कधीच होत नाही. आमच्याच घरात बघा, धाकट्या भावाला आणि मला, दोघांनाही बी२७ आहे. त्याला विशीतच सकाळी मोजे घालायला वाकता येत नव्हतं. पाठीवर गरम पाणी पडलं की मग कुठे सैल व्हायचा. फार वाईट वाटायचं बघून. मी पंचेचाळिशीत ठणठणीत.

जनुक तेच राहूनही त्याचं काम बदलू शकतं. मिथायलेशन, म्हणजे डीएनएवर बसणाऱ्या आणि जनुकांचं काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा, हे फक्त प्रयोगशाळेतलं प्रकरण आहे, असंही नाही. हायड्रॅलॅझिन हे रक्तदाबाचं जुनं औषध जनुकांची अक्षरं न बदलता टी पेशींमधलं (या प्रतिकारशक्तीच्या पेशी) डीएनए मिथायलेशन कमी करतं, आणि ते बरेच महिने घेणाऱ्या काहींना ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तसा) आजार होतो. औषध थांबवलं की तो बहुतेकदा ओसरतो.