भाड्याची भिंत की 'खरी' गॅलरी?

घोडबंदरवाला:
एका चित्रकाराची पोस्ट कालपासून सगळीकडे फिरतेय. सार असं: भाड्याने मिळणाऱ्या जहांगीर आर्ट गॅलरीच्या तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबणाऱ्या मुलांनो, उठा. भाडं भरून लावलेलं प्रदर्शन म्हणजे लग्नाचा हॉल घेतल्यासारखं. कुलाब्यातल्या खाजगी गॅलरीने निवडून बोलावलं तरच तुम्ही कलाकार. खाली जे.जे. कला महाविद्यालयाच्या पोरांनी बदामांचा पाऊस पाडलाय. वाचून डोकं भडकलं, म्हणून लांबलचक लिहितोय.

जहांगीर १९५२ ची. चित्रकार तय्यब मेहतांचं पहिलं एकल प्रदर्शन १९५९ ला तिथेच झालं, भूपेन खख्खरांचं १९६५ ला तिथेच. तेव्हा भाडं कोणी भरलं याची आज कुणी चौकशी करतं का? आणि जहांगीरचं दार बघा. तिकीट नाही, ओळख नाही. फोर्टातला कारकून जेवणाच्या सुट्टीत येतो, हायकोर्टात तारखेला आलेला माणूस वेळ काढायला येतो. आमच्या ग्रुप शोला एक हवालदार चाळीच्या चित्रासमोर बराच वेळ उभा होता. म्हणाला, "ओल खालून वर चढते, ते बरोबर दाखवलंत. आमच्या क्वार्टरची भिंत अशीच आहे." हा माणूस कुलाब्यात दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीची बेल वाजवेल का?

चारकोल:
नाही वाजवणार, कबूल. पण तुम्ही अर्धंच सांगताय. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर १९६३ पासून २००७ पर्यंत केमोल्ड ही खाजगी गॅलरी होती. चित्रकार अतुल दोडियांचं पहिलं एकल १९८९ ला वर झालं, खाली नाही. वर निवड, खाली भाडं. खाली आज काय दिसतं? बनारसचे घाट, सात घोडे, बुद्धाचा चेहरा, बैलजोडी. कारण खर्च निघायला हवा. भाडं, फ्रेम, कॅटलॉग, टेम्पो, बाहेरगावच्याला शिवाय मुंबईत राहणं. चित्र विकलं गेलंच पाहिजे या दडपणाखाली प्रयोग कोण करणार?

चित्रकार प्रभाकर पाचपुते चंद्रपूरच्या खाणपट्ट्यातला. कोळशाने थेट भिंतीवर काढतो. २०१२ ला त्याला रीगलजवळच्या क्लार्क हाउस या कलाजागेने भिंत दिली आणि २०२२ ला तो व्हेनिस बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनात होता. भाड्याच्या हॉलमध्ये भिंतीवर एक रेघ ओढून दाखवा.

सानिका_न:
मी एका गॅलरीत काम करते, म्हणून राहवत नाही. 'गॅलरी विक्रीतला निम्मा वाटा खाते' हे ऐकून कान किटलेत. भाडं, छपाई, विमा, पॅकिंग, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आर्ट मुंबई या कलामेळ्यात स्टॉल, हे सगळं आमच्या खिशातून जातं. नव्या मुलाच्या पहिल्या शोला कधी कधी चित्र विकलं गेल्याची एकही लाल टिकली लागत नाही, तरी पुढच्या शोसाठी आम्ही त्याच्या मागे उभे राहतो. आणि दार आमचंही उघडंच असतं, फुकट असतं. २०१२ पासून सगळ्या गॅलऱ्यांचा मिळून गॅलरी वीकेंड भरतो तो लोकांनी यावं म्हणूनच. तुम्ही येत नाही.

घोडबंदरवाला:
सानिकाताई, आलो होतो. बायकोला घेऊन. नाव सांगत नाही. टेबलामागच्या मुलीने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. भिंतीवरची पानभर टीप इंग्रजीत, तीही अशी की बायको कॉलेजात इंग्रजी शिकवते, तिला दोनदा वाचावी लागली. चित्रकार आमच्याच जिल्ह्यातला, विषय भातशेती. त्याच्या आईला त्या टिपेतलं एक वाक्य कळलं नसतं. हे दार उघडं असतं म्हणता?

दादरकर:
एवढं रडगाणं कशाला? बाजार तेजीत आहे. एम. एफ. हुसेनांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र मार्च २०२५ ला न्यूयॉर्कात लिलावात ११८ कोटींच्या आसपास गेलं.

चारकोल:
ते पैसे ऑस्लोच्या इस्पितळाकडे गेले, चित्र त्यांच्या मालकीचं होतं. त्या लिलावाने कल्याणच्या पोराच्या फ्रेमचं बिल भरलं जात नाही. विषयावर या.

एटीडी_८१:
तुम्ही सगळे फांद्यांवर भांडताय. बघणारा येणार कुठून? मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या आणि खाजगी शाळांत चित्रकला शिकवली. माझ्या जागेवर माणूस भरला नाही. चित्रकलेचा तास गणिताला दिला. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना मुलं बसतात ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी. आधी कलाशिक्षक भरा, मग गॅलऱ्यांचं बघा.

चारकोल:
सर, रागावू नका, पण इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रानेच घोटाळा केलाय. घागर, दोन केळी, मागे पडदा. ते जमलं की चित्रकला आली. हीच मुलं पुढे गॅलरीत व्हिडिओ दिसला की "यात चित्र कुठंय?" म्हणतात. माझे वडील आजही म्हणतात.

एटीडी_८१:
घागरीला हसू नका. घागरीचा काठ गोल असून डोळ्याला लंबगोल दिसतो, हे बारा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा उमगतं तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिलाय. माझी एक विद्यार्थिनी ऊसतोड कामगारांची मुलगी. कागद नसायचा, वहीच्या पुठ्ठ्यावर काढायची. आज जे.जे.त आहे. तिला कुठल्या गॅलरीने शोधलं नाही. तासाला शिक्षक वर्गात होता, म्हणून ती सापडली. तुमच्यासारख्यांना जे.जे.त शिरल्यावर शाळेची लाज वाटते, इतकंच.

चारकोल:
लाज? मी पनवेलच्या मराठी शाळेतून आलोय. माझ्याबद्दल काही माहीत नसताना बोलू नका.

सानिका_न:
दोघंही वैयक्तिक होऊ नका. सरांचा मुद्दा मला पटतो. चित्रकार सुधीर पटवर्धनांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्टचं काम करत शहर रंगवलं, आणि नंतर 'विस्तारणारी क्षितिजे' हे मूळ चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून फिरवलं. कुलाब्याला न येणाऱ्यांपर्यंत चित्रं नेली. ते काम आम्ही गॅलऱ्यांनी करायला हवं होतं, हे मान्य करते. मराठी टीप लावायचंही आमच्याकडे बोलते. पण मजकूर इंग्रजी असतो कारण घेणारे इंग्रजी वाचतात. तुमच्यातलं कोण विकत घेतं, तेही सांगा.

घोडबंदरवाला:
घेतो. लहान छापचित्रं, हप्त्याने, थेट चित्रकाराकडून. कारण गॅलरीत किंमत विचारायची हिंमत होत नाही, किमतींची यादी मागावी लागते. जहांगीरमध्ये चित्राशेजारी चित्रकार स्वतः उभा असतो, त्याला विचारतो.

चारकोल, प्रयोगाला खालच्या हॉलमध्ये जागा नाही, हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही. पण म्हणून हॉलच टाकून द्यायचा? बैलजोडीवालाही कुठल्यातरी गावातून टेम्पो करून आलेला असतो. त्याला हाकलून तुमची भिंत मोकळी होणार नाही. पु. ल. देशपांडे अकादमीच्या कलादालनासारख्या सरकारी जागा आहेत. पहिल्या एकल प्रदर्शनाला भाडं नको, असं पत्र सरकारकडे देऊ. मी लिहितो, सही करणार का?

एटीडी_८१:
रिक्त कलाशिक्षकांचा मुद्दा त्यात पहिला घाला, तरच माझी सही.

चारकोल:
करतो. पण भिंतीवर थेट काम करायची आणि व्हिडिओसाठी खोली अंधारी करायची परवानगीही त्यात हवी. नाहीतर ते पत्र बैलजोडीवाल्यांचंच होईल आणि माझं नाव त्यावर दिसणार नाही.