सावत्र मोठा मुलगा आणि धाकटं बाळ: आईने पहारा किती द्यावा?

चाफेकळी
नवऱ्याचा पहिल्या लग्नाचा मुलगा आठ-दहा वर्षांचा, आपलं बाळ वर्षाच्या आतबाहेर. मुलगा बाळाचा पापा घ्यायला जवळ गेला की आईच्या पोटात गोळा येतो आणि तोंडातून निघतं, 'हळू!', 'नको!', 'सोड त्याला!' माझं मत असं की नियम बाळाच्या वयावर बेतावा, नात्यावर नाही. तोच पापा भाच्याने घेतला असता तर आपण काय म्हणालो असतो? भाच्याला 'आधी हात धू' आणि याला 'लांब हो', असं होत असेल तर तो पहारा बाळासाठी राहिला नाही. आठ वर्षांच्या मुलाला हा फरक लगेच कळतो.

रानजाई
पटलं नाही. भाचा दोन तासांनी आपल्या घरी जातो, हा घरातच राहतो. घटस्फोट असो की आईचं जाणं, त्याच्या वाट्याला आधीच बरंच येऊन गेलंय, आणि आता बाबाही वाटला गेला. राग येणारच, त्यात त्याचा दोष नाही. पण तीन महिन्यांच्या बाळाला त्या रागाचा एक झटका पुरतो. मान पक्की धरलेली नसते. रडणाऱ्या बाळाला गप्प करायला कुणी गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पोटचं मूल चिडलं की काय करतं हे आपल्याला ठाऊक असतं. सावत्र मुलाबद्दल ते ठाऊक नसेल, तर जास्त लक्ष ठेवण्याला भेदभाव म्हणू नका.

चाफेकळी
एकटं न सोडणं मलाही मान्य आहे, रानजाईताई. बारा वर्षांखालच्या कुठल्याच मुलाजवळ तान्हं बाळ एकटं ठेवू नये, सख्खी बहीण असली तरी. माझा आक्षेप मोठी माणसं समोर असताना होणाऱ्या ओरड्याला आहे.

दगडफूल
ओरडण्याने धोका वाढतो. 'सांभाळ!' ऐकून मुलगा दचकतो, हात काढून घेतो आणि बाळ त्याच क्षणी घसरतं. त्यापेक्षा गुपचूप पुढे होऊन बाळाच्या डोक्याखाली आपला हात द्यावा.

बाळ मांडीवर द्यायचं तर असं: मुलाने हात धुवून जमिनीवरच्या गादीवर, भिंतीला पाठ टेकून बसायचं. मांडीवर उशी, त्याचं कोपर उशीवर. बाळ आपण ठेवायचं, आपणच उचलायचं, पाच मिनिटं खूप झाली. उभ्याने घेऊन फिरायचं नाही. त्याला सर्दी-खोकला किंवा ओठावर फोड असेल तर पापा बंद, पायाला हात लावायचा. 'नको' म्हणताना 'मग काय कर' हेही लगेच सांगितलं पाहिजे, नाहीतर त्याच्या हाती काहीच उरत नाही.

बाळ चालायला लागलं की भीती बदलते. हाताला धरून वर ओढलं की एक ते चार वर्षांच्या मुलांचं कोपरातलं हाड जागेवरून सरकू शकतं. मूल तो हात वापरेनासं होतं. घरी ओढाताण न करता डॉक्टरांकडे न्यावं, ते बहुधा झटक्यात बसवतात. हे मोठ्या माणसांकडूनही लाडात होतं, म्हणून 'मुद्दाम केलं' हा आरोप आधी करू नका.

आणि मोठ्याच्या वस्तू! गोट्या, नाणी, खेळण्यांचे बारीक भाग घशात अडकतात. बटणासारखा चपटा सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, थेट रुग्णालयात जायचं. त्यासाठी मोठ्याला साडेचार फुटांवर त्याची स्वतःची फळी द्या. बाळाने त्याची वही फाडली तर बाळाला मोठ्या माणसाने उचलून न्यायचं. 'लहान आहे, जाऊ दे' हे दहा वेळा ऐकलेलं मूल अकराव्यांदा ढकलतं.

रानजाई
पद्धत चांगली आहे, पण हे सगळं आईच्याच डोक्यावर. बाबा कुठे आहे?

उंबरठा
तेच मी म्हणणार होतो. पहिली एक-दोन वर्षं शिक्षा बाबाने करावी, सावत्र आईने नाही. मुलगा शनिवार-रविवारीच येत असेल तर दारातच बाळ पुढे करू नये. आधी खाणं, मग अर्धा तास बाबा आणि तो, दोघंच. बाळाची भेट त्यानंतर.

रानजाई
बाबा रात्री आठला येतो आणि फटका संध्याकाळी पाचला बसतो, तेव्हा?

उंबरठा
थांबवणं वेगळं, शिक्षा वेगळी. जो समोर आहे त्याने हात धरून 'मारायचं नाही' एवढं म्हणावं, बाळाला बाजूला घ्यावं. पुढचं बोलणं रात्री, बाबाने.

कडुलिंब
दोन्ही बाजूंना एक सांगते. हिसकावणं, चिमटा, 'त्याला परत देऊन या' हे कुठल्याही थोरल्याचं असतं. मात्र कुणी नसताना वारंवार इजा, बाळ रडत असूनही न थांबणं, तोंड-नाक दाबणं, अंगावर कारण न सांगता येणारे वळ, हे दिसलं तर 'मत्सर आहे, जाईल' म्हणून सोडू नका. दोघांना लगेच वेगळं ठेवा, बालरोगतज्ज्ञ आणि बालमानसतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक विनामूल्य आहे.

आणि नातेवाइकांची तोंडं बंद करा. 'आता तुझा वाटा गेला' हे लहान मुलाच्या कानावर घालणारे असतात. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्यांच्या मिळकतीत दोन्ही लग्नांच्या मुलांना सारखाच हिस्सा मिळतो. हे बाबाने मुलाला सरळ सांगावं.

रानजाई
वाटा, फळी, बाबाचा अर्धा तास, सगळं मान्य. रात्रीचं मात्र मी सोडणार नाही. वर्षाच्या आतलं बाळ मोठ्या मुलाच्या अंथरुणात झोपू देऊ नये. झोपेत हात किंवा पांघरूण तोंडावर येतं.

चाफेकळी
तिथे वाद नाहीच. फक्त तो नियम सख्ख्या मुलीलाही लावा, आणि कारण त्याला सांगा.