आजार जास्त म्हणून लागण जास्त, असे म्हणता येईल का?

प्रश्न (ठाणे)

नमस्कार. २०२० साली माझी आई ७४ वर्षांची होती. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार असे तिचे तीन आजार, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्या सप्टेंबरात तिला करोनाची लागण झाली आणि अठरा दिवस रुग्णालयात काढून ती सुदैवाने घरी परतली. साताऱ्याजवळ गावी राहणाऱ्या माझ्या आत्याला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, दमा आहे, शिवाय हृदयात स्टेंट बसवलेला आहे. आजारांची संख्या आईपेक्षा एकाने जास्तच, तरी तिला दोन्ही लाटांत काही झाले नाही. घरात विषय निघाला की माझा भाऊ म्हणतो, "आईला इतके आजार होते, तिला होणारच होते." मला हे पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. अनेक आजार असलेल्या वृद्धांना लागणच लवकर होते, की लागण कोणालाही होते आणि त्यांना ती जड जाते? पुन्हा अशी साथ आलीच तर आईच्या बाबतीत नेमके कशाला जपायचे, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ (निवृत्त वैद्यकीय अधिकारी, कोल्हापूर)

ताई, आपण हे दोन प्रश्न वेगळे केलेत हे फार बरे झाले, कारण साथीच्या दिवसांत आम्हा डॉक्टरांच्या बोलण्यातही ते एकमेकांत मिसळून गेले होते. सहव्याधी असतील तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो, याविषयी शंका नाही. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्या सर्वांबरोबर ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांना लस खुली झाली, तेव्हा त्यांच्यासाठी २० व्याधींची यादी ठरवली होती, ती याच हिशेबाने.

लागण होण्यासाठी मात्र विषाणू आधी माणसापर्यंत पोहोचावा लागतो. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली, तेव्हा झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीत सुमारे १६ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचे दिसले. एवढी तफावत मधुमेहाने किंवा रक्तदाबाने पडत नाही. ती सामाईक शौचालयांनी, दाटीने आणि रोज कामासाठी बाहेर पडावेच लागण्याने पडते. आपल्या आत्यांच्या घराला अंगण असेल आणि येणारे-जाणारे मोजके असतील, तर चार आजार असूनही त्या वाचल्या यात नवल नाही.

आईंचा तिसरा आजार मात्र वेगळा धरावा लागतो. डायलिसिसचा रुग्ण टाळेबंदीतही घरी बसू शकत नाही. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी सुमारे चार तास, तो इतर रुग्णांच्या शेजारी एका बंद दालनात असतो, आणि मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे त्याची प्रतिकारशक्तीही कमी झालेली असते. लशीचा परिणामसुद्धा अशा रुग्णांत कमी दिसतो. म्हणजे तीन आजारांपैकी हा एक लागणीचाही धोका वाढवतो आणि गंभीरतेचाही. त्यामुळे आजार किती आहेत यापेक्षा कोणता आजार माणसाला किती वेळा उंबरठ्याबाहेर नेतो, हे मोजणे जास्त उपयोगाचे आहे.

आणखी एक सांगतो. डायलिसिसला जाणाऱ्यांची चाचणी वारंवार होत असे. आत्यांची कधी झाली होती का? नसेल, तर त्यांना लक्षणांविना लागण होऊन गेली असण्याची शक्यताही उरतेच.

उत्तर २ (आशा स्वयंसेविका, नाशिक जिल्हा)

डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्याला माझा अनुभव जोडते. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आम्ही घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होतो आणि जुने आजार विचारून लिहून घेत होतो. कितीतरी म्हाताऱ्या बायका सांगत, "मला काहीएक आजार नाही." पुढे विचारले की कळे, त्यांचा रक्तदाब आयुष्यात एकदाही कोणी मोजलेला नाही. कागदावर शून्य आजार असलेली बाई निरोगी असेलच असे नाही, म्हणून संख्येची तुलना करताना हे लक्षात ठेवावे.

एका घरी आजी दोन दिवस नुसत्या झोपून होत्या. ताप नव्हता, खोकला नव्हता, फक्त भाकरी नको म्हणत होत्या, आणि घरच्यांना वाटले वयामुळे असेल. बोटे गार असली की यंत्र चुकीचा आकडा दाखवते, म्हणून मी त्यांचा हात माझ्या हातात धरून चोळला आणि मग ऑक्सिमीटर लावला. आकडा ८६ वर स्थिरावला. त्याच दिवशी त्यांना तालुक्याला हलवले. त्या घरातील नातू रोज भाजीच्या गाडीवर मार्केटला जात होता.

उत्तर ३ (लेस्टर, इंग्लंड)

आमच्या शहरात जून २०२० अखेर पुन्हा निर्बंध लागले. इंग्लंडमधील ती पहिली स्थानिक टाळेबंदी. येथे सुमारे १ कोटी ७० लाख प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी तपासून त्याच वर्षी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेहासारखे आजार आणि गरिबी हिशेबात धरूनही दक्षिण आशियाई आणि कृष्णवर्णीय लोकांतील मृत्यूचा धोका गोऱ्यांपेक्षा जास्तच राहिला. आमच्या गल्लीत पाहिले तर त्याचे निदान काही अंशी तरी उत्तर दिसते. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे एका छपराखाली, आणि मुलगा टॅक्सीवर किंवा कारखान्यात. ज्येष्ठांना वरच्या खोलीत ठेवले तरी जिना आणि न्हाणीघर एकच. येथील काही जण याला आपल्या एकत्र कुटुंबाचा दोष म्हणतात, ते मला मान्य नाही, कारण त्या आजोबांना वेळेवर इन्सुलिन देणारी सूनही त्याच छपराखाली होती.

प्रश्नकर्ती (ठाणे)

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आत्याची चाचणी कधीच झालेली नाही, आज फोन करून विचारले. आशाताईंचा तो नातू वाचल्यावर मात्र मी बराच वेळ थांबले. माझा भाऊ बँकेत आहे. लोकल बंद असताना बँका सुरू होत्या, आणि आईला डायलिसिसला स्कूटरवर तोच नेत असे, कित्येकदा थेट काउंटरवरून उठून. आईला लागण होण्याच्या दोन दिवस आधी त्याला सर्दी झाली होती. "होणारच होते" असे तो इतके ठासून का म्हणतो, हे मला आज समजले. त्याला काय सांगू?

उत्तर (निवृत्त वैद्यकीय अधिकारी, कोल्हापूर)

ताई, लागण स्कूटरवर झाली की डायलिसिसच्या दालनात, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. दुसरी गोष्ट मात्र निश्चित सांगता येते. त्या एप्रिलमध्ये वाहन न मिळाल्यामुळे अनेक रुग्णांचे डायलिसिस चुकले आणि त्यांतील काही जण करोना न होताच गेले. आईंचे किती चुकले, ते त्यांच्या वहीत पाहा. एकही चुकले नसेल, तर ती वही भावाच्या हातात द्या.