मदत हवी आहे: सतरा वर्षांच्या मुलीचे केस पिकतायत. बी१२ आणि लोह कमी असल्यामुळे असेल का?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावीत. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिच्या कानशिलांवर आणि भांगाच्या कडेने पांढरे केस दिसायला लागले. तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. आता वेणी घातली तरी लपत नाहीत. क्लासमध्ये कुणीतरी काहीतरी बोललं असावं, कारण हल्ली ती भांग बदलून बदलून पाडते, आणि परवा म्हणाली, "कॉलेज सुरू व्हायच्या आत मला डाय लावू दे." फार वाईट वाटलं मला.

सासरकडे केस लवकर पिकतात. यजमानांचे पंचविशीतच निम्मे पांढरे झाले होते. त्यामुळे घरात सगळे म्हणतात, "रक्तातच आहे, सोडून दे." पण धाकट्या दिरांचे केस चाळिशीतही काळेभोर आहेत, म्हणून मला ते पुरतं पटत नाही.

आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. तिला दूध लहानपणापासून नको असतं, दही मनात आलं तर खाते. सकाळी चहा-पोळी खाऊन बाहेर पडते, क्लासवरून येताना वडापाव नाहीतर सामोसा. पाळीत अंगावरून बरंच जातं. जिना चढताना धाप लागते. म्हणून रक्त तपासलं: हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ८, बी१२ १६२, व्हिटॅमिन डी १३, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) नॉर्मल. डॉक्टरांनी बी१२ची इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. केसांचं विचारलं तर म्हणाले, "आधी रक्त वाढू द्या." बाहेर रांग होती, पुढे विचारता आलं नाही.

म्हणून इथे विचारते. या कमतरतांनी केस पिकू शकतात का? कमतरता भरून निघाली तर पांढरे झालेले केस पुन्हा काळे होतात का? बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी हे दोन सल्ले रोज कुणीतरी देतं, त्यात तथ्य आहे का? आणि शाकाहारी घरात तिला नेमकं काय खायला घालू? तेलं आणि लेप कृपया सुचवू नका, माळ्यावर पुरेसे साठले आहेत.

प्रतिसाद

ताई, मी त्वचारोग विभागात काम करते. आपल्याकडे पंचविशीच्या आत केस पिकले तर अकाली धरतात, म्हणजे तुमची मुलगी त्यात बसते. आनुवंशिकता हे सर्वांत मोठं कारण, हे खरंच आहे. २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी आयआरएफ४ या जनुकाचा केस पांढरे होण्याशी संबंध दाखवला. पण आनुवंशिकता आहे म्हणून आहाराचा प्रश्न उरत नाही असं नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

बी१२ची तीव्र कमतरता असलेल्या काही रुग्णांचे केस पिकलेले आणि उपचारानंतर पुन्हा काळे झालेले नोंदवले गेलेत. आपल्याकडच्या काही अभ्यासांत अकाली पिकलेल्या तरुणांमध्ये फेरिटिन आणि बी१२ इतरांपेक्षा कमी आढळलं. पण सोबत आढळणं म्हणजे कारण ठरणं नव्हे, म्हणून मी तुम्हाला हमी देणार नाही. आलेला पांढरा केस सहसा पांढराच राहतो. आशा धरायची ती नव्याने उगवणाऱ्या केसांकडून, आणि केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. सहा महिन्यांच्या आत काही ठरवू नका. तिला पांढरे केस उपटू देऊ नका. एक उपटला की दहा येतात हे खोटं आहे, पण मुळाला इजा होते. कात्रीने कापले तर चालतील.

बायोटिनची कमतरता मुळात विरळ, त्यामुळे त्या गोळ्यांचा उपयोग होण्याची शक्यता कमी. वर एक धोका: बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. घेत असेल तर रक्त द्यायच्या आधी लॅबला सांगा.

प्रतिसाद

आकडे बघून वाटलं, केसांपेक्षा बी१२चं जास्त मनावर घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये बी१२ कमी निघालं. आपल्याकडे हे किती सर्रास आहे ते यावरून कळतं.

वनस्पतीत बी१२ जवळजवळ नसतंच. दूध, दही, ताक, पनीर एवढंच आपलं हातचं. स्पिरुलिनात असतं म्हणतात, पण त्यातला बराचसा भाग आपल्या शरीराला वापरता येत नाही. आहारात असूनही आकडा कमी राहिला तर शोषण होत नाही का ते बघावं लागतं. जठरात तयार होणाऱ्या एका प्रथिनाशिवाय बी१२ आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही ते कमी होतं. मुलीच्या हातापायांना मुंग्या येतात का, हे नक्की विचारा. येत असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा, कारण बी१२च्या कमतरतेने नसांना इजा होते. नुसत्या फॉलिक ॲसिडवर भागवू नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मुंग्या येतात म्हणाली. मी विचारलं नव्हतं म्हणून तिने सांगितलं नव्हतं. उद्याच डॉक्टरांकडे जाते. ती ॲसिडिटीच्या गोळ्या घेत नाही. लोहासाठी खाण्यात काय बदलू?

प्रतिसाद

आधी चहा जेवणापासून लांब न्या. चहातल्या टॅनिनमुळे लोहाचं शोषण घटतं, आणि तुमच्याकडे तर न्याहारीच चहा-पोळीची आहे. किमान तासभर अंतर ठेवा. पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळा. 'क' जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. अळिवाचे लाडू करा, अळिवात लोह भरपूर. वडापाव पूर्ण बंद करू नका, तिला शिक्षा वाटेल. डब्यात मटकीची उसळ, शेंगदाणे-गुळाचा लाडू, तिळाची चटणी असं वाढवा. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर लोहाच्या गोळीसोबत देऊ नका. आणि पाळीत जास्त जातं त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. तिकडून लोह जात राहिलं तर अळीव किती पुरणार?

तांब्याच्या भांड्याबद्दल: केसाला रंग देणारं मेलॅनिन बनवायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं आणि त्यात तांबं असतं, बहुधा तिथूनच तो सल्ला आला. पण तीळ, काजू, डाळी खाणाऱ्या माणसाला तांबं सहसा कमी पडत नाही. पाणी ठेवायला हरकत नाही. ताक किंवा लिंबूपाणी मात्र त्यात ठेवू नका, तांबं उतरतं. झिंकच्या जास्त डोसच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, त्यांनी उलट तांब्याचं शोषण कमी होतं.

डाय लावायचाच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस बघा. 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यातही बऱ्याचदा पीपीडी हे डायमधलं रसायन असतं आणि त्याची काहींना जोरात ॲलर्जी येते.

धागाकर्ती

आज डॉक्टरांशी बोलणं झालं. मुंग्यांचं सांगितल्यावर त्यांनी इंजेक्शनं जास्त दिवस ठेवली, तीन महिन्यांनी बी१२ आणि फेरिटिन पुन्हा तपासायचं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली. मुलीला हा धागा वाचायला दिला. डायचं परीक्षेनंतर बघू म्हणाली, आणि मला कानशिलाजवळचे केस कात्रीने कापून दे म्हणाली. एक विचारायचं राहिलं: इंजेक्शनांचा कोर्स संपल्यावर शाकाहारी माणसाला बी१२ची गोळी कायमची चालू ठेवावी लागते का? कुणाच्या घरी घेत असाल तर सांगा.