मोलिएरचा कवडीचुंबक सावकार धंद्यात पक्का की कच्चा? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

मुद्दल :
फ्रेंच नाटककार मोलिएरच्या 'लाव्हार' (पॅरिस, १६६८) या नाटकातला सावकार आर्पागों आचार्य अत्र्यांच्या 'कवडीचुंबक'मुळे आपल्या ओळखीचा आहे, आणि त्याला हसून मोकळे होण्याचीच आपली रीत आहे. माझे म्हणणे असे की धंदा म्हणून पाहिल्यास हा गृहस्थ पक्का आहे. दुसऱ्या अंकातल्या कर्जाच्या अटी पाहा. ऋणकोला १५,००० लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) हवे आहेत. मनाला टोचणी नको म्हणून व्याज फक्त अठराव्या हिश्शाने, म्हणजे साधारण साडेपाच टक्के. मात्र धनकोजवळ रोकड नसल्यामुळे ती त्याला तिसऱ्याकडून वीस टक्क्यांनी उचलावी लागणार, आणि तो भारही ऋणकोनेच सोसायचा. शिवाय हातात पडणार १२,०००च. बाकीच्या ३,००० पोटी जुना पलंग, बंदुका, अर्क काढायची विटांची शेगडी आणि गवत भरलेले साडेतीन फुटी सरड्याचे कातडे घ्यायचे. वर्षाचे व्याज सुमारे ३,८३३ लिव्र, म्हणजे मिळालेल्या रोकडीवर जवळपास ३२ टक्के. फ्रान्समध्ये १६६५ साली कायदेशीर कमाल दर पाच टक्क्यांवर आणला गेला होता. असा दर वरून दाबला की खरा दर भंगारात आणि बेनामी धनकोत दडून बसतो, यात सावकाराच्या स्वभावाचा दोष तो किती?

खतावणी :
पूर्ण असहमत. चढा दर जोखमीचा मोबदला असेल तर समजू शकते. पण इथे दलालच सांगतो की कर्ज मागणाऱ्या तरुणाचे घराणे श्रीमंत आहे, आई आधीच वारली आहे आणि बाप आठ महिन्यांत मरेल याची हमी तो तरुण द्यायला तयार आहे. ही किंमत जोखमीची नसून तरुणाच्या नडीची आणि गुप्ततेची आहे. त्यातही तो ऋणको निघतो आर्पागोंचाच मुलगा क्लेआंत, म्हणजे सावकार स्वतःच्याच इस्टेटीतून व्याज वसूल करणार होता! आणि बागेत पुरलेल्या १०,००० एकूंचे, म्हणजे ३०,००० लिव्रचे, काय? हाच बाप मुलाच्या केसांच्या टोपांवर आणि रिबिनींवर गेलेले २० पिस्तोल (सोन्याची नाणी, म्हणजे २२० लिव्र) बाराव्या हिश्शाने लावले असते तर वर्षाला १८ लिव्र, ६ सू, ८ दनिए (सू आणि दनिए ही लिव्रची सुटी नाणी) आले असते, असे तोंडी सांगतो. त्याच मापाने पुरलेला पैसा वर्षाला २,५०० लिव्र बुडवतो.

मुद्दल :
तो पैसा पुरून वर्षे झालेली नाहीत. ती रक्कम आदल्याच दिवशी परत आली, असे आर्पागों स्वतः म्हणतो. एक कर्ज फिटून दुसरे लागेपर्यंत प्रत्येक सावकाराकडे रोकड पडून राहते. विश्वासाने ठेव ठेवावी अशी बँक त्या वेळच्या पॅरिसमध्ये नव्हती, आणि तिजोरी म्हणजे चोरांना आमिष, हे त्याचे मत काही चुकीचे नाही. मुलाची गोष्ट निराळी. दलालाने दोन्ही नावे झाकली होती. तिथे माहिती कमी पडली, हिशेब नव्हे.

तिसरी घंटा :
दोघेही लग्ने जुळवणाऱ्या फ्रोझीनचा प्रवेश विसरलात. आर्पागोंला जिच्याशी लग्न करायचे आहे ती मारियान वर्षाला १२,००० लिव्र घेऊन येईल, असे फ्रोझीन त्याला पटवू पाहते. मारियान फारसे खात नाही म्हणून ३,०००, नटत नाही म्हणून ४,०००, जुगार खेळत नाही म्हणून ५,०००. न होणाऱ्या खर्चाचा हुंडा मांडणे ही चेष्टा आहे, हातात काहीतरी पडायला हवे, असे आर्पागों फ्रोझीनला सुनावतो. किती नेमके उत्तर! पण घरी हाच माणूस जेवायला आठ-दहा जण असताना आठच जणांचा स्वयंपाक सांगतो, एकाच नोकराला आचारी आणि गाडीवान करतो, आणि घोडे इतके उपाशी ठेवतो की त्यांना स्वतःचेच पाय ओढवत नाहीत, गाडी कसली ओढणार. (गवत मात्र सरड्याच्या पोटात आहे.) बाजारात त्याला कळणारा बचत आणि कमाई यांतला फरक उंबरठ्याच्या आत कळेनासा होतो, म्हणून मी खतावणींच्या बाजूने.

खतावणी :
घोड्यांचे उदाहरण मला अधिक गंभीर वाटते, कारण ते त्याचे भांडवल आहे. चारा वाचवून जनावर निकामी करणारा माणूस व्याजाचा दर कितीही अचूक सांगो, त्याला पक्का व्यापारी म्हणणे मला जमणार नाही.

मुद्दल :
मग अखेरचा ताळेबंदही मांडा. पुरलेल्या पैशांची चोरीला गेलेली पेटी परत मिळते, मुलीच्या लग्नात हुंडा द्यावा लागत नाही, मुलगा आणि मुलगी यांच्या दोन्ही लग्नांचा खर्च आणि पोलीस अधिकाऱ्याची फी त्यांचा होणारा सासरा आन्सेल्म याच्या माथी बसते, आणि लग्नात घालायचा नवा पोशाखही आर्पागों त्याच्याकडूनच उकळतो. घोड्यांचे नुकसान यातून वजा करून दाखवा.