परदेशात गेल्याशिवाय पोरगं घडत नाही?

टॉवेलवाला
काल इथे कुणीतरी लिहिलं, "मुलाला घडवायचं तर सोलापुरात ठेवू नका, बाहेरच्या देशात शिकायला पाठवा." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. वडील यंत्रमागावर बारा तास उभे राहायचे. मी सकाळी कॉलेज करायचो आणि दुपारपासून कारखान्यात टॉवेलच्या घड्या. पैसा जपणं, मालकाच्या डोळ्यात बघून पगार मागणं मी इथेच शिकलो. मग मी घडलो नाही?

पूर्वभागची
ते मीच लिहिलं होतं. दादा, तुमच्या कष्टांबद्दल शब्द नाही. माझं ऐका. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि एकदम जर्मनी. तिथे राहायला गेलं की पत्त्याची नोंदणी करावी लागते. खिडकीतल्या बाईंनी कागद परत सरकवला, घरमालकाची सही नव्हती. बाबांना फोन लावायला मोबाईल काढला आणि तसाच पर्समध्ये टाकला. बाबा तिथून काय करणार? मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मीच घरमालकाशी बोलले. त्या दिवसापासून मी वेगळी आहे.

होटगी रोड
आणि पैसे? तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही हे खरं, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात आधीच अडकवून ठेवावे लागतात. माझ्या पुतण्याला एजंटने इंग्लंडला धाडलं, घर गहाण टाकून. कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही, हे त्याला तिथे पोचल्यावर कळलं. भाऊ अजून हप्ते भरतोय. घडलं कोण, बुडलं कोण?

आई_जुळे सोलापूर
पैशाचं सोडा. घरात पाण्याचा पेला न उचलणारा माझा मुलगा आयर्लंडमध्ये स्वतः स्वयंपाक करतो, भांडी घासतो. डोळे भरून आले.

सिद्धेश्वर पेठ
ताई, राग येतोय म्हणून लिहिते. मी दहाव्या वर्षी कडक भाकरी थापत होते. हाताला चटके बसायचे. मला कुणी "घडली" म्हणालं नाही. ते घरीच शिकवायचं होतं.

आई_जुळे सोलापूर
तुम्ही माझे संस्कार काढताय?

सिद्धेश्वर पेठ
तुमचे एकटीचे नाही, सगळ्यांचे. भावाला पुण्याला होस्टेलवर ठेवलं. मला हैदराबादला प्रवेश मिळाला होता, "मुलगी एकटी कशी राहील" म्हणून पत्र कपाटातच राहिलं. मला तर पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेससुद्धा परदेश होती.

आई_जुळे सोलापूर
...मुलीला मी पाठवलं नाही, हे खरंय. त्यावर मला अजून बोलायचं नाही.

होटगी रोड
मूळ मुद्दा कुठे गेला? आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस मुंबईत शिकले आणि १९३८ ला चीनला गेले. आधी इथे डॉक्टर झाले.

पूर्वभागची
पण तिथे गेल्यावरच चिनी शिकले ना? मी तेच म्हणतेय.

टॉवेलवाला
मोबाईल पर्समध्ये परत टाकलात, ते मानलं. तरी माझं मत तेच आहे, माणूस कुठेही घडतो. भाची इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, जर्मनीचा हट्ट धरलाय. मी नाही म्हणून बसलो होतो. कागदपत्रांची यादी पाठवा. पैशाचं मात्र मी स्वतः बघणार, एजंट नको.